पीज येथील ग्रामीण दूरचित्रवाणी केंद्र : एक अभ्यासपाठ

दूरचित्रवाणी केंद्र म्हटले की मोठे शहर, उंच इमारती आणि नामवंत कलावंत असे चित्र विद्यार्थ्यांच्या मनापुढे उभे राहते. परंतु गुजरातमधील खेडा जिल्ह्यात, नडियादजवळील पीज या गावी, 1975 पासून 1985 पर्यंत एक लहानसे प्रक्षेपण केंद्र चालू होते. त्याचा प्रेक्षकवर्ग म्हणजे चरोतर भागातील शेतकरी, शेतमजूर, दूध उत्पादक आणि त्यांची मुलेबाळे. या केंद्राचा इतिहास व कार्यपद्धती ग्रामीण शिक्षकांनी अभ्यासण्यासारखी आहे. ज्यांना शिकवावयाचे त्यांचे आधी ऐकून घ्यावे, हे अध्यापनशास्त्राचे तत्त्व तेथे एका यंत्राच्या द्वारे प्रत्यक्ष आचरणात आणले गेले.

पूर्वपीठिका

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्ली येथे 15 सप्टेंबर 1959 रोजी प्रायोगिक स्वरूपात झाला. 26 जानेवारी 1967 रोजी दिल्लीच्या आसपासच्या 80 खेड्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू करण्यात आला. मुंबई केंद्राचे उद्घाटन 2 ऑक्टोबर 1972 रोजी झाले. म्हणजे पहिल्या तपाहून अधिक काळ हे साधन मुख्यतः महानगरांच्या परिसरातच राहिले.

डॉ. विक्रम साराभाई यांनी या क्रमाच्या उलट विचार मांडला. जेथे शाळा, रस्ते व तज्ज्ञ पोहोचण्यास विलंब लागतो, तेथेच या साधनाची गरज अधिक, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानुसार 1969 साली अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेशी करार झाला. साराभाई यांचे 30 डिसेंबर 1971 रोजी निधन झाले; तथापि कार्य थांबले नाही. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-शिक्षण प्रयोग पार पडला. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम पोहोचविण्यात आले. या प्रयोगाचे व्यवस्थापन मूळचे कोल्हापूरचे शास्त्रज्ञ प्रा. एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

खेडा जिल्ह्यातील प्रकल्प हा या प्रयोगाचा सोबती होय. एकाच उपग्रहाने सहा राज्यांशी बोलता येते, परंतु एका जिल्ह्याच्या बोलीत, त्याच्या स्वतःच्या प्रश्नांवर बोलण्यास स्थानिक केंद्रच हवे, या विचारातून पीजची उभारणी झाली. अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्र आणि दूरदर्शन यांनी मिळून हा प्रकल्प चालविला.

केंद्राची रचना

केंद्राचे कार्य विद्यार्थ्यांस समजावून देताना त्याचे तीन भाग पाडावेत.

पहिला भाग चित्रणगृहाचा. ते अहमदाबादेस होते. तेथे कॅमेरा प्रकाशाचे व ध्वनिग्राहक आवाजाचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करी. याशिवाय सहज उचलून नेता येईल अशी चित्रणसामग्री घेऊन कार्यकर्ते खेडोपाडी जात, त्यामुळे कार्यक्रमाचा मोठा भाग शेतात, ओट्यावर व विहिरीच्या काठी चित्रित होई.

दुसरा भाग प्रक्षेपकाचा. अहमदाबादेहून सुमारे 50 किलोमीटर अंतरावरील पीज येथे सूक्ष्मलहरींच्या द्वारे हे संकेत पाठविले जात. तेथील 1 किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक ते उंच मनोऱ्यावरून चहूकडे पसरवी. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. टेकडीवरील दिवा जितका उंच, तितका तो दूरच्या गावांतून दिसतो. मनोऱ्याचेही तसेच आहे. मनोऱ्याची उंची व प्रक्षेपकाची शक्ती मर्यादित असल्याने पीजचे क्षेत्र मर्यादित राहिले. केंद्राच्या दृष्टीने ही मर्यादा गुणकारकच ठरली, कारण आपला प्रेक्षक कोण हे त्यास निश्चितपणे ठाऊक होते.

तिसरा भाग ग्राहक-संचाचा. ‘साइट’ प्रयोगातील खेड्यांत उपग्रहाचे क्षीण संकेत पकडण्यासाठी तारेच्या जाळीची सुमारे 3 मीटर व्यासाची छत्री उभारावी लागे. खेडा जिल्ह्यात प्रक्षेपक जवळच असल्याने साधा संच व साधा आकाशक पुरत असे. सुमारे 400 खेड्यांत मिळून 650 च्या आसपास सार्वजनिक संच बसविण्यात आले. त्यांपैकी अनेक संच दूध सहकारी संस्थांच्या जागेत होते. 1946 साली स्थापन झालेल्या खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघामुळे गावोगाव अशी संस्था उभी होती, आणि सकाळ-संध्याकाळ दूध घालण्यास लोक तेथे येतच असत. नवे साधन जुन्या, विश्वासाच्या जागी ठेवले गेले, म्हणून ते लवकर रुजले.

कार्यक्रमाची निर्मिती

पीजच्या कार्यपद्धतीचा गाभा निर्मितीच्या क्रमात आहे. कार्यक्रम लिहिण्यापूर्वी समाजशास्त्राचे अभ्यासक गावांत जाऊन लोकांच्या गरजा समजून घेत. त्यानंतर संहिता तयार होई. तयार झालेला कार्यक्रम काही गावकऱ्यांस आधी दाखवून तो त्यांस कळतो की नाही, हे पडताळण्यात येई. प्रक्षेपणानंतर पुन्हा अभिप्राय गोळा केला जाई व पुढील कार्यक्रमात त्याप्रमाणे सुधारणा होत असे. गावकरी स्वतः लेखक व नट म्हणूनही सहभागी होत. भाषा पुस्तकी गुजराती नसून चरोतरी बोलीचा तीत मुक्त वापर असे. केंद्र जाहिरातींवर अवलंबून नव्हते.

‘चतुर मोटा’ या मालिकेत हुंडा व विधवाविवाह यांसारखे विषय कथारूपाने हाताळले गेले. ‘दाद-फरियाद’ या कार्यक्रमाचे स्वरूप याहून वेगळे होते. त्यात गावकरी आपली तक्रार कॅमेऱ्यापुढे मांडीत आणि संबंधित अधिकाऱ्यांकडून तिचे उत्तर घेतले जाई. एरवी कचेरीच्या दारात थांबून राहणाऱ्या माणसाचे म्हणणे आता साऱ्या जिल्ह्यासमोर येऊ लागले आणि उत्तरही साऱ्या जिल्ह्यासमोर द्यावे लागले. ज्ञान वरून खाली येते, ही कल्पना या कार्यक्रमाने बदलली. खालून वर जाणारी वाटही तितकीच आवश्यक ठरली.

या कार्याची दखल जगानेही घेतली. ग्रामीण संपर्काच्या परिणामकारकतेबद्दल युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार 1984 साली खेडा प्रकल्पास मिळाला.

शिक्षकांचे स्थान

‘साइट’ प्रयोगात सकाळचे प्रक्षेपण प्राथमिक शाळांतील मुलांसाठी होते. प्रत्येक भाषेस सुमारे साडेबावीस मिनिटे मिळत. मुलांसाठीच्या विज्ञान-कार्यक्रमांच्या निर्मितीत मुंबई येथील चित्रणगृहाचा मोठा वाटा होता. सुटीच्या काळात हेच साधन शिक्षकांच्या प्रशिक्षणास लावण्यात आले. ऑक्टोबर 1975 मध्ये सुमारे 24,000 प्राथमिक शिक्षकांनी 12 दिवसांचे विज्ञान-अध्यापनाचे शिक्षण घेतले, व 1976 मध्ये दुसरे सत्र झाले. त्यात केवळ पडदा नव्हता. नभोवाणी, कृतिपुस्तिका, प्रत्यक्ष प्रयोग आणि मार्गदर्शकासह चर्चा यांची जोड होती. यंत्र शिक्षकाची जागा घेते, ही भीती येथे निराधार ठरली. पडद्यावरील पाठाला अर्थ आला तो समोर बसलेल्या शिक्षकाच्या प्रश्नांमुळे.

केंद्राचा शेवट

1985 साली पीजचे प्रक्षेपण बंद करण्यात आले व तेथील प्रक्षेपक मद्रास येथील दुसऱ्या वाहिनीसाठी हलविण्यात आला. स्थानिक लोकांनी या निर्णयास विरोध केला, परंतु तो फळास आला नाही. कार्यक्रमाचा विषय ठरविण्यात गावकऱ्यांचा सहभाग होता. केंद्र चालू ठेवावे की नाही, हे ठरविण्यात मात्र तो नव्हता. लोकसहभागाचे मोजमाप करताना शिक्षकांनी हा भेद ध्यानात ठेवावा. शाळा समितीची सभा भरविणे वेगळे, आणि समितीच्या मताने शाळेचा निर्णय बदलणे वेगळे.

आजच्या शिक्षकास बोध

आता घरोघरी पडदा आहे आणि हातोहाती भ्रमणध्वनी आहे. 2020 साली साथीमुळे शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ या मालिकेने महाराष्ट्रातील मुलांपर्यंत पाठ नेले. साधनांची वाण उरलेली नाही. तरीही पीजने घालून दिलेले तीन दंडक आजही लागू पडतात. पाठापूर्वी मुलांस काय ठाऊक आहे ते विचारावे. पाठ त्यांच्या बोलीत उतरवावा. पाठानंतर काय कळले नाही ते शोधून दुसऱ्या दिवशी पाठ बदलावा. चौथी गोष्ट सार्वजनिक संचाने शिकविली आहे : पडद्यासमोर कोण बसले आहे याबरोबरच कोण बसलेले नाही, हेही पाहावे. घरी साधन नसलेले मूल, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी, ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबातील विद्यार्थी यांची नोंद हजेरीपटापलीकडे जाऊन ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे.

वर्गात घेण्याजोगे उपक्रम

1. इयत्ता पाचवीपासून पुढील मुलांकडून ‘आमची दाद-फरियाद’ हा उपक्रम करवून घ्यावा. मुलांनी गावातील एक प्रश्न निवडावा, पाच घरी विचारणा करावी, ग्रामसेवकांची किंवा सरपंचांची मुलाखत घ्यावी आणि मिळालेले उत्तर परिपाठात वाचून दाखवावे. तक्रार करताना व्यक्तीचा अवमान होऊ नये, हा संस्कार येथेच करावा.

2. अंधाऱ्या खोलीत विजेरी निरनिराळ्या उंचीवर धरून प्रकाश किती दूर पडतो व अडथळ्यामागे सावली कोठे राहते, हे दाखवावे. त्यावरून मनोऱ्याच्या उंचीचे प्रयोजन मुलांकडूनच काढून घ्यावे.

3. शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यापूर्वी तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. कार्यक्रम संपताच यंत्र बंद करून निदान दहा मिनिटे चर्चा घ्यावी.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

पीजच्या केंद्रास मर्यादित क्षेत्राचा लाभ कसा झाला? दूध संस्थेच्या जागेत संच ठेवल्याने काय साधले? आपल्या गावात अशी विश्वासाची, सर्वांस खुली असलेली जागा कोणती, आणि तेथे येण्यास आजही कोण संकोचते?