जुन्या मोटारीचीं चाकें आणि कमानी

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जुन्या मोटारींस दीर्घायुष्य लाभतें. मोठ्या शहरांत जी गाडी केव्हांच मोडींत गेली असती, ती आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडास, आठवडी बाजारास, दवाखान्यास व शाळेस नेआण करीत राहते. अशा गाडीस रुंद व मोठीं चाकें बसविलीं, तिच्या कमानी उंच केल्या, म्हणजे ती नव्यासारखी होईल, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलें तर मधल्या सुट्टींत या विषयावर रंगून बोलतांना दिसतात. विषय चांगला आहे. परंतु तो नुसता हौसेचा नाहीं. त्यांत पदार्थविज्ञान आहे, गणित आहे, कायदा आहे, आणि गाडींत बसणाऱ्या माणसांचा जीवहि आहे. म्हणून त्याचा क्रमवार विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपले रस्ते

प्रथम रस्ता पाहूं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. पश्चिमेस वरोरा, राजुरा या बाजूस काळी जमीन आहे. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. त्यामुळें तिच्यावरची सडकहि लाटांप्रमाणें वरखालीं होते. पूर्वेस एटापल्ली, भामरागड या बाजूस मुरूम, दगड, चढउतार व नाले आहेत. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग अरण्याचा आहे. हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्पाचें काम सुरू झालें, तेव्हां पावसाळ्यांत तेथें मोटारीनें पोहोंचणें जवळजवळ अशक्य असे. तेव्हांपासून पूल झाले, डांबरी सडका झाल्या. तरी भामरागडजवळ पर्लकोटा नदीस मोठा पूर आला कीं आजहि वाट बंद होते. अशा मुलुखांत गाडीचें चाक केवढें व कमान कशी हा प्रश्न दिसण्याचा नसून पोहोंचण्याचा आहे.

बंडीचें चाक

मोटारीच्या आधीं या रस्त्यांवर बंडी चालत असे. तिचें चाक करणारा सुतार मोठा जाणता कारागीर होता. कोणतें लाकूड कोठें घालावें हें त्यास ठाऊक असे. कण्यास धावडा घेत, कारण तो चिवट असतो. चाकास बाभूळ घेत, कारण ती घासण्यास टिकते. चाक तयार झालें कीं त्यावर लोखंडी धाव चढवीत. धाव चाकापेक्षां किंचित् लहान ठेवून ती विस्तवांत लाल करीत, गरम असतांनाच चाकावर बसवीत व पाणी ओतीत. सव्वा मीटर व्यासाच्या धावेचा घेर ४०० अंश सेल्सिअसनें तापविला असतां सुमारें १९ मिलिमीटर वाढतो. निवाल्यावर तितकाच आकसून तो साऱ्या आऱ्यांस घट्ट आवळून धरतो. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, हा तुमच्या पुस्तकांतील नियम आपले सुतार-लोहार पिढ्यान् पिढ्या वापरीत आले आहेत.

या चाकांत एकच उणीव होती. दगडाचा धक्का जसाच्या तसा बसणाऱ्याच्या पाठीस लागे. त्यावर दोन उपाय निघाले. एक हवा भरलेलें रबरी चाक. त्याचें पेटंट रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं घेतलें होतें, पण तें विसरलें गेलें, आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं तें पुन्हां शोधून काढलें. दुसरा उपाय पोलादी कमान. मोटारगाडींत हे दोन्ही एकत्र असतात, व एकाच्या कामांत दुसऱ्याचा वांटा असतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील सारें विवेचन तिच्यावर उभें आहे.

कमान काय करते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील विलीज जीप, त्याच घडणीवर आपल्याकडे निघालेल्या महिंद्राच्या जीपगाड्या, आणि १९८५ सालीं बाजारांत आलेली मारुति जिप्सी, या साऱ्यांच्या चारहि चाकांवर पट्ट्यांच्या कमानी होत्या. उत्तरपाडा येथें १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसेडर गाडीस मागें अशाच कमानी असत. एकावर एक ठेवलेले हे पोलादी पट्टे तुम्हीं पाहिलेच असतील. रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम येथें लागू पडतो: जितका भार, तितका ताण. भार दुप्पट केला तर कमान दुप्पट दबते.

आतां एक साधा प्रयोग करा. लोखंडी पट्टी मेजाच्या कडेस दाबून धरा व बाहेरचें टोंक खालीं ओढून सोडा. पट्टी लांब ठेवली तर ती सावकाश हलते. आंखूड ठेवली तर ताठ होऊन भरभर थरथरते. गाडीचेंहि तसेंच आहे. गाडीच्या वजनानें कमान १० सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदास सुमारें दीड वेळां हेलकावते. कमान चौपट ताठ करून ती अडीच सेंटिमीटरच दबूं दिली, तर हेलकावे दुप्पट, म्हणजे सेकंदास सुमारें तीन होतात. माणूस चालतो तेव्हां सेकंदास दीड-दोन पावलें टाकतो. तो वेग त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याहून जलद हेलकावे त्यास सोसत नाहींत, व सेकंदास चार ते आठ कंप तर बसलेल्या माणसास सर्वांत अधिक जाचतात. ज्या गाडींतून बाळंतपणाची बाई किंवा मोडलेल्या हाडाचा रोगी न्यावयाचा, तिची कमान किती ताठ असावी, हें यावरून समजेल.

कमानीस जाड पट्टा घातला कीं गाडी मजबूत होते, असा समज आहे. पण पट्ट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. ६ मिलिमीटरऐवजीं ७ मिलिमीटर जाडीचे पट्टे घातले तर ताठपणा दीडपटीहून अधिक होतो. खेड्यांतून फिरणाऱ्या काळ्या-पिवळ्या गाड्यांस जादा उतारू घेण्याकरितां असे पट्टे चढविलेले दिसतात. भरलेली गाडी त्यामुळें कमी बसते खरी. परंतु तीच रिकामी परत येतांना प्रत्येक खड्ड्यावर उडते. उडालेलें चाक जमिनीस टेकलेलें नसतें. आणि जें चाक जमिनीस टेकलेलें नाहीं, त्यास ब्रेक नाहीं व सुकाणूहि नाहीं. कमानीचें पहिलें काम माणसास सुख देणें हें नसून चाकास जमिनीशीं धरून ठेवणें हें आहे.

कमान एकदां हलली कीं हलतच राहूं पाहते. तिला आवरण्याचें काम शॉक अब्सॉर्बर, ज्यास मिस्त्री लोक शॉकप म्हणतात, तो करतो. त्याच्या नळींतील तेल बारीक छिद्रांतून जातांना हालचालीची शक्ति उष्णतेंत बदलतें. तो बरा आहे कीं नाहीं हें पाहण्यास गाडीचा एक कोपरा जोरानें दाबून सोडावा. गाडी एकदां वर येऊन स्थिर झाली तर ठीक; दोन-तीन वेळां डोलत राहिली, किंवा नळीवर तेल पाझरलेलें दिसलें, तर तो बदलावा.

मोठ्या चाकाचें गणित

टायरच्या कडेस २०५/७० आर १५ असे आंकडे असतात. पहिला आंकडा रुंदी, मिलिमीटरमध्यें. दुसरा म्हणजे रुंदीच्या शेंकडा किती टायरची उंची. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. आतां समजा, एका जीपगाडीस असें टायर आहे. त्याची उंची १४३.५ मिलिमीटर, रिम ३८१ मिलिमीटर, म्हणून पूर्ण व्यास ६६८ मिलिमीटर झाला. मालकानें हौसेनें २३५/७५ आर १५ टायर बसविलें. त्याचा व्यास ७३३.५ मिलिमीटर येतो. गाडी जमिनीपासून वर किती आली? व्यासांतील फरकाच्या निम्मी, म्हणजे अवघी ३३ मिलिमीटर. सुमारें दोन बोटें. या दोन बोटांची किंमत पाहा. वेगाचा कांटा ५० दाखवितो तेव्हां गाडी सुमारें ५५ किलोमीटर वेगानें धांवत असते. गतिशक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते, म्हणून थांबवावयाची शक्ति शेंकडा सुमारें २१ नें अधिक. उलट ब्रेकचा जमिनीवरील जोर, त्रिज्या वाढल्यामुळें, शेंकडा सुमारें ९ नें कमी. शिवाय जड चाक कमानीच्या खालीं असल्यानें खड्ड्यांतून सावरण्यास त्यास वेळ लागतो.

गाडी उंच करण्याचेंहि गणित आहे. दोन चाकांमधील अंतर १३० सेंटिमीटर व गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर असेल, तर उभी गाडी ४५ अंशांपर्यंत कलली तरी उलटत नाहीं. कमानी उंच करून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर नेला तर ही मर्यादा सुमारें ४१ अंशांवर येते. टपावर माणसें व पोतीं चढविलीं म्हणजे ती आणखी घटते, आणि वळणावर तर उलटण्यास इतका कलहि लागत नाहीं.

याच्या उलट कांहीं शहरी तरुण लहान गाडीस मोठा चकाकणारा अलॉयचा रिम व पातळ टायर बसवितात. पातळ टायरमध्यें हवेची उशी थोडी. मग खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. पोलादी रिम वांकला तर तालुक्याच्या गांवचा मिस्त्रीहि तो ठोकून काम चालवून देतो. तडकलेला अलॉय निकामीच होतो. आपल्या रस्त्यांस साधा पोलादी रिमच शोभतो.

सुधारणेचा क्रम

मग जुन्या गाडींत सुधारणा करूंच नये कीं काय? अवश्य करावी, पण क्रमानें करावी. गाडी जशी घडविली गेली तशी ती प्रथम परत आणावी. पुष्कळदां असें आढळतें कीं तेवढ्यानेंच मालकाचें समाधान होतें.

पहिलें टायर. त्याच्या कडेस एका लहान चौकटींत चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेलें. रबर नुसतें ठेवून सुद्धां म्हातारें होतें. खांचेंत १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे ठोकळे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीस आलें कीं तें काढावें. हवा गाडीच्या पत्रिकेंत सांगितली असेल तितकी भरावी. जुन्या तिरप्या धाग्यांचें टायर व रेडियल टायर एकाच आंसावर मिसळूं नयेत.

दुसरें, रबरी बूश, शॅकल, यू बोल्ट व बेअरिंग हीं तपासावीं. शेंकडों रुपयांचा बूश झिजल्यामुळें हजारों रुपयांच्या नव्या कमानी करकरतात. तिसरें, तुटलेला वा सपाट झालेला पट्टा बदलावा. मात्र जाडी व संख्या मूळचीच ठेवावी, आणि डावी-उजवी जोडीनें करावी. चौथें, शॉकपहि जोडीनेंच घालावे. शेवटीं अलाइनमेंट व चाकांचा तोल पाहून घ्यावा. एवढें झाल्यावर ऐपत असेल तर मूळच्याच व्यासाचें चांगलें रेडियल टायर किंवा योग्य लांबीचे वायु भरलेले शॉकप घ्यावे. ही खरी सुधारणा होय.

कायद्याचेंहि म्हणणें असेंच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचें कलम ५२ गाडीच्या मूळ घडणींत मनास येईल तसा बदल करण्यास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं त्याचा अर्थ स्पष्ट केला आहे. अपघात झाल्यास विम्याच्या वेळीं अशा बदलांची चौकशी होते, हें पालकांनीं विसरूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, पुढल्या रविवारीं आपल्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीजवळ वही घेऊन बसा. कमानीचे पट्टे मोजा, टायरवरील आंकडे उतरून त्याचा व्यास काढा, त्याचें वय काढा, कोपरा दाबून गाडी किती वेळां डोलते तें पाहा. कांहीं दोष आढळला तर वडिलांस सांगा. त्याच गाडींतून तुमची आजी दवाखान्यांत जाते व धाकटी बहीण शाळेंत येते. तुमच्या वहींतील चार आंकडे वेळेवर कामास आले, तर हा पाठ तुम्हीं शिकलांत असें आम्ही समजूं.