‘फरक’ आणि ‘भेद’

‘फरक’ हा शब्द आपल्या बोलण्यांत इतका रुळला आहे कीं, तो अरबींतून फारसीच्या द्वारें मराठींत आला, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जो वेगळेपणा डोळ्यांस दिसतो, अंगास जाणवतो किंवा मापानें कळतो, त्यास आपण बहुधा फरक म्हणतों.

वैद्य रोग्यास विचारतो, “कालच्यापेक्षां कांहीं फरक वाटतो काय?” येथें फरक म्हणजे उतार. रोगी नुसतें “बरें आहे” म्हणाला, तर वैद्याचें समाधान होत नाहीं. ताप किती उतरला, भूक लागते कीं नाहीं, हें तो पाहतो. पगाराची थकलेली वाढ मागाहून हातीं येते, तिलाही ‘पगाराचा फरक’ म्हणतात. तो रुपयांत मोजून घेतां येतो. वहीचा आंकडा व पेटींतील रोकड जुळली नाहीं, तर ‘तफावत’ निघाली म्हणतात. हाही शब्द मूळचा अरबीच; पण त्यांत चुकीचा संशय असतो.

आतां ‘भेद’ पाहूं. संस्कृत ‘भिद्’ म्हणजे फोडणें. त्या धातूपासून हा शब्द झाला. साम, दाम, दंड व भेद या चार उपायांत शत्रूपक्षांत फूट पाडणें यासच भेद म्हटलें आहे. व्याकरणांत ‘नामाचे भेद’ निरुपद्रवी असतात, हें खरें. परंतु माणसांविषयीं बोलतांना, विशेषतः ‘भेदभाव’ या शब्दांत, अन्यायाची सूचना असते. १९५० सालीं अंमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदानें केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. आणि त्यांत सार्वजनिक विहिरी व तलाव यांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

एक मनुष्य उंच, दुसरा ठेंगणा, एकास वाचतां येतें, दुसऱ्यास येत नाहीं, हा फरक. दोघांच्या घागरींस निरनिराळे पाणवठे नेमून दिले, तर तो भेद. फरक दिसतो, भेद आपण करतों.

म्हणून पंगतींत किंवा पाणवठ्यावर कोणी “आमच्यांत व त्यांच्यांत फरक आहे” असें म्हणूं लागला, तर वाचकांनीं त्यास शांतपणें विचारावें, असें आम्ही सुचवितों: “कोणता? किती? आणि त्याचा या पाण्याशीं काय संबंध?” उत्तर देतां आलें नाहीं, तर तो फरक नव्हे, भेदच होय, आणि त्यास त्याच्या खऱ्या नांवानेंच हांक मारावी.