मास्कचा मेसेज आणि कर्जाचा अर्ज
(या महिन्याचा आरोग्य पाठ : गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा)



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला बसले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, कॅशबुकावर सह्या झाल्या. उठता उठता एक ताई म्हणाली, "मॅडम, हे खरं आहे का बघा ना." तिच्या मोबाईलवर एक मेसेज होता. मास्क लावला की आपणच सोडलेली खराब हवा परत आत जाते, शरीरातला ऑक्सिजन कमी होतो, फुप्फुस सडतं, आणि डॉक्टर लोक हे लपवून ठेवतात, असं त्यात लिहिलं होतं.

मेसेज जुनाच, कोरोनाच्या काळातला. पण त्या ताईच्या घरात तो नव्यानं आला होता. तिच्या सासऱ्यांना टीबी निघाला आहे. गोळ्या सुरू होऊन आठच दिवस झाले होते. आशाताईनं त्यांना घरात मास्क लावायला सांगितलं होतं. नातवानं मेसेज वाचून दाखवला आणि आजोबांनी मास्क काढून चुलीत टाकला. त्याच खोलीत चार वर्षांची नात झोपते.

म्हणून हा पाठ. मास्कची सक्ती महाराष्ट्रात 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला उठली. पण मास्कची गरज संपली नाही आणि मास्कबद्दलच्या गोष्टीही संपल्या नाहीत. कोणती गोष्ट खरी, कोणती अर्धी खरी आणि कोणती साफ खोटी, हे ओळखायचं कसं? तुम्ही म्हणाल, आम्ही काय डॉक्टर आहोत? नाही. पण तुम्ही दर महिन्याला याहून अवघड काम करता. कर्जाचा अर्ज तपासता.

अर्जाला विचारता तेच मेसेजला विचारा

गटात कुणी वीस हजार मागितले तर आपण लगेच पैसे मोजून देतो का? नाही. आधी पाच गोष्टी विचारतो. मेसेज आला की त्याच पाच विचारायच्या.

1. मागणारी कोण? म्हणजे हे सांगतंय कोण? नाव आहे का, गाव आहे का, दवाखाना आहे का? "एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले" हे नाव नव्हे. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला आहे. ज्यानं पाठवला त्यानं तो लिहिलेला नाही.

2. कशासाठी? यात कुणाचा फायदा आहे? खाली काही विकायला ठेवलंय का? "दहा जणांना पाठवा" असं आहे का? नुसती भीती घालून पळवायचं आहे का?

3. कागद कुठे? पुरावा काय दिला? "शास्त्रज्ञांनी सिद्ध केले" म्हणजे कुठे, कधी, किती लोकांवर?

4. जामीन कोण? दुसरं कुणी, ज्याचा या मेसेजशी संबंध नाही, तेच सांगतंय का? आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना विचारलं का? एकच मेसेज पाच नातेवाइकांनी पाठवला तर ते पाच जामीनदार होत नाहीत. तो एकच अर्ज पाच वेळा आलेला असतो.

5. बुडालं तर कुणाचं बुडेल? हे खोटं निघालं तर नुकसान कुणाचं? पाठवणाऱ्याचं काही जात नाही. त्या ताईच्या घरी नुकसान झालंच तर त्या चार वर्षांच्या पोरीचं.

आता ही पाच बोटं धरून मास्कबद्दलच्या चार गोष्टी तपासू.

पहिली गोष्ट : "मास्कनं ऑक्सिजन कमी होतो"

मागणारी कोण? नाव नाही. कागद? नाही. जामीन? शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि सिस्टर तासन् तास मास्क लावून उभ्या असतात आणि त्याच हातांनी बारीक टाके घालतात. ऑक्सिजन कमी झाला असता तर ते जमलं असतं का?

कारण साधं आहे. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या वायूंचे कण कापडाच्या छिद्रांच्या मानानं फार फार लहान असतात. ते आरपार जातात. मास्क अडवतो ते थुंकीचे आणि खोकल्याचे थेंब, आणि थोड्याफार प्रमाणात हवेतले बारीक कण.

विश्वास नसेल तर स्वतः करून बघा. सप्टेंबर 2020 मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत घरोघरी बोटाला लावून बघितलं ते ऑक्सिमीटर आठवतं ना? आशाताईकडे असेल तर बैठकीत मागवा. मास्क न लावता आकडा बघा, लिहून ठेवा. मास्क लावून अर्धा तास बसा, पुन्हा बघा.

पण ज्या बाईला मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं, तिला खोटं ठरवू नका. गरम होतं, ओल येते, चष्म्यावर वाफ धरते. हा त्रास खरा आहे, त्याचं कारण मेसेजमध्ये सांगितलेलं खोटं आहे. रोवणीसारखं अंगमेहनतीचं काम करताना मोकळ्या बांधीत मास्कची गरज नाही. पाच वर्षांखालच्या लेकरांना मास्क लावू नये. झोपेत लावू नये. दम्याच्या माणसानं डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दुसरी गोष्ट : "आधी नको म्हणाले, मग लावा म्हणाले, म्हणजे खोटारडे"

ही गोष्ट निम्मी खरी आहे. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की सगळ्या निरोगी लोकांनी मास्क लावण्याला पुरेसा पुरावा नाही. त्याच आठवड्यात आपल्या केंद्र सरकारनं घरी शिवलेला मास्क लावा असं सांगितलं. 5 जून 2020 ला जागतिक संघटनेनंही आपला सल्ला बदलला आणि तीन थरांचा कापडी मास्क सुचवला.

बदलला का? कारण तोवर कळलं होतं की ज्याला ताप नाही, खोकला नाही असा माणूसही आजार पसरवू शकतो. सुरुवातीला दवाखान्यांतच मास्क पुरत नव्हते, तीही काळजी होती.

आता आपलं बघा. गटानं एखाद्या ताईला मार्चमध्ये कर्ज नाकारलं आणि जूनमध्ये नवे कागद बघून दिलं, तर गट खोटारडा ठरतो का? नवी माहिती आली, निर्णय बदलला, कारण ठरावात लिहिलं. जो कारण सांगून मत बदलतो त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा. जो काहीही झालं तरी एकच सांगत राहतो, त्याच्याकडे नीट बघावं.

तिसरी गोष्ट : "अभ्यासात सिद्ध झालं, मास्क काही कामाचा नाही"

यात "अभ्यास" हा शब्द आला म्हणून आपण गप्प बसतो. बसू नका. किती लोक, कुठे, काय मोजलं, हे विचारा.

आपल्यासारख्याच धान पिकवणाऱ्या बांगलादेशात 600 गावांमध्ये एक मोठा अभ्यास झाला. नोव्हेंबर 2020 ते एप्रिल 2021, सुमारे 3 लाख 40 हजार मोठी माणसं. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, समजावलं, आठवण करून दिली. उरलेल्या गावांत काही केलं नाही. कोणत्या गावात वाटायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न आला नाही.

निकाल काय आला? जिथे वाटले नाहीत तिथे 100 पैकी 13 जण नीट मास्क लावत होते. जिथे वाटले तिथे 42. आणि लक्षणांसह कोरोना झालेल्यांचं प्रमाण मास्कच्या गावांत सुमारे 9 टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे तिकडे 100 आजारी पडले तर इकडे 91.

कुणी म्हणेल, "फक्त नऊ?" पण बघा, शंभरातले 29 च जण जास्त लावत होते. सगळ्यांनी लावला असता तर काय झालं असतं, ते या अभ्यासातून कळत नाही. दवाखान्यात मिळतो तसा सर्जिकल मास्क ज्या गावांत वाटला तिथे फरक जास्त होता, आणि साठीच्या वरच्या माणसांत तर 35 टक्क्यांचा. कापडी मास्कच्या गावांत मात्र फायदा स्पष्ट दिसला नाही.

हे शेवटचं वाक्य आपल्याला झोंबणारं आहे. 2020 मध्ये राज्यभरच्या बचत गटांनी लाखो कापडी मास्क शिवले. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद असताना त्या मशीनवर कितीतरी घरं चालली. तो कष्टाचा पैसा होता, त्याची लाज नाही. तेव्हा दुसरं मिळत नव्हतं, आणि काहीच न लावण्यापेक्षा कापड बरं हा सल्ला तेव्हाच्या माहितीवर होता. पण आज कुणी विचारलं तर आपणच खरं सांगायचं : घट्ट विणीचा, तीन थरांचा कापडी मास्क थेंब अडवतो, पण सर्जिकल मास्क त्याहून चांगला, आणि नीट बसलेला एन-95 सगळ्यांत चांगला. "आमचा मास्क 99 टक्के विषाणू रोखतो" अशी चिठ्ठी आपल्या मालावर तपासणीशिवाय लावायची नाही. दुसरा प्रश्न, कुणाचा फायदा, हा आपल्यालाही लागू आहे.

2023 मध्ये "मास्क निकामी" अशी बातमी पुन्हा फिरली. अनेक अभ्यास एकत्र करून पाहणारा एक अहवाल होता. त्या संस्थेच्या प्रमुख संपादिकेनंच मग खुलासा केला की "मास्क चालत नाही" असा त्याचा अर्थ काढणं चूक आहे. उपलब्ध अभ्यासांवरून ठाम उत्तर देता येत नाही, एवढंच त्यात आहे. "सिद्ध झालं नाही" आणि "खोटं सिद्ध झालं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावती सापडत नाही म्हणजे हप्ता भरलाच नाही असं होतं का?

चौथी गोष्ट : "मास्क लावला की फवारणीला भीती नाही"

हा मेसेज कुणी पाठवत नाही, पण आपण रोज तसं वागतो. कोरोनातला उरलेला मास्क नाहीतर दुपट्टा तोंडाला बांधून घरचा माणूस धानावर फवारा मारायला जातो. आणि हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

कापड किंवा सर्जिकल मास्क औषधाची वाफ अडवत नाही. उलट फवाऱ्यानं ओला झाला की तेच औषध नाकातोंडाला चिकटून राहतं. एन-95 सुद्धा कण अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी डबी बसवलेला वेगळा मास्क लागतो. शिवाय विष कातडीतूनही जातं. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट, वाऱ्याच्या दिशेनं फवारणी, मध्ये तंबाखू-बिडी नाही, आणि आल्यावर साबणानं आंघोळ.

मळणीच्या आणि राईस मिलच्या धुळीचं तसंच. दुपट्ट्यानं मोठा भुसा अडतो, बारीक धूळ आत जाते. रोजचं काम असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा, आयएस 9473 हा आकडा आणि आयएसआय शिक्का असलेला मास्क बघून घ्या.

मग त्या आजोबांचं काय?

टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताटवाटीतून नाही. म्हणून त्यांची भांडी वेगळी करण्यात अर्थ नाही, पण मास्क लावण्यात आहे. आजारी माणसानं लावला तर जंतू त्याच्याजवळच अडतात. गोळ्या रोज, न चुकवता घेतल्या तर काही आठवड्यांत पसरण्याचा धोका बराच कमी होतो. तोवर मास्क, उघड्या खिडक्या आणि वेगळं झोपणं. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची, आणि लहान लेकराला प्रतिबंधक औषध लागेल का ते डॉक्टरांना विचारायचं. तपासणी, औषध फुकट आहे, आणि निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये मिळतात.

आशाताई ऑक्सिमीटर घेऊन गेली. मास्क न लावता आजोबांचा आकडा 96. मास्क लावून, चहाच्या गप्पा मारून अर्ध्या तासानं पुन्हा बघितला. 96. आजोबा म्हणाले, "मशीन बिघडली असंल." मग सुनेनं स्वतःच्या बोटाला लावून बघितलं, नातवाच्या बघितलं. आजोबा अजून कुरकुर करतात. पण मास्क लावतात आणि ओसरीवर झोपतात. नातीची तपासणी झाली आहे.

बैठकीत करायची कृती (वीस मिनिटं)

• प्रत्येकीनं आपल्या मोबाईलवरचा आरोग्याचा एक मेसेज वाचून दाखवावा. मोबाईल नसेल तिनं ऐकलेली गोष्ट सांगावी.
• सगळ्यांनी मिळून त्याला पाच प्रश्न विचारावे. उत्तर मिळालं तर एक बोट उघडा. तीनपेक्षा कमी बोटं उघडली तर तो मेसेज पुढे जाणार नाही.
• शंका राहिली तर आशाताईला विचारण्यासाठी वहीत लिहा. 104 या आरोग्य हेल्पलाईनवर किंवा टीबीबद्दल 1800-11-6666 वर फोन करूनही विचारता येतं.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेलं कुणी घरात आहे का, हे प्रत्येकीला विचारा. असेल तर थुंकीची तपासणी याच आठवड्यात.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्याच माणसानं, भावानं किंवा जावेनं पाठवलेला मेसेज खोटा निघाला, तर त्याला न दुखवता कसं सांगाल?
2. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि मेसेजमध्ये आलेलं वेगळं असेल, तर पाचवा प्रश्न लावून बघा : कुणाचं ऐकून चुकलो तर नुकसान मोठं?
3. आपला गट जो माल विकतो, त्याबद्दल आपण काय काय सांगतो? त्यातलं किती तपासलेलं आहे?

सख्यांनो, शंभर रुपयांचा हिशेब जुळला नाही तर आपण बैठक उठू देत नाही. लेकराबाळांच्या तब्येतीचा मेसेज मात्र एका बोटानं पुढे ढकलतो. पुढच्या वेळी ते बोट जरा थांबवा, आणि आधी पाचही प्रश्न विचारा.