काळ्या मातीत ड्रॅगन फ्रूट येईल का?

प्रश्न : आमच्या अंगणातली माती काळी, चिकट आहे. ड्रॅगन फ्रूट जमिनीत लावावं की कुंडीत? मागच्या उन्हाळ्यात फांद्या पिवळ्या पडल्या होत्या.
– एक वाचक, उमरगा

उत्तर : दोन्हीकडे येईल, मुळाशी पाणी मात्र साचू देऊ नका. हे निवडुंगाच्या कुळातलं झाड. बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने ते उथळ, मुरमाड जमिनीतही घेतलं आहे.

अंगणात दीड फूट उंच गादीवाफा करा. मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. कुंडी दीड-दोन फूट रुंद, तळाला भोकं असलेली हवी. फूटभर कांडी आठवडाभर सावलीत सुकवा. कापलेली बाजू कोरडी, टणक झाली की लावा. आधाराला पाच फुटी खांब आणि वर जुना टायर पुरे.

फांदी उन्हाच्या बाजूनेच पिवळी पडत असेल, तर ती करपते आहे. मार्च ते मे शेडनेट बांधा. मऊ पडून पाणी सुटत असेल, तर कूज समजा. निरोगी भागापर्यंत छाटा.

फुलं रात्री उमलतात. लाल गराच्या काही जातींना दुसऱ्या जातीचे परागकण लागतात, म्हणून दोन जाती लावा. फुलानंतर महिना-सव्वा महिन्यात फळ काढणीला येतं.

जागा असेल, तर कुंडीपेक्षा गादीवाफाच निवडा.