जिवंत पानांतील जनुकांचें काम पाहण्याची रीत

मृगाच्या आगेमागें बांधावरचें एखादें झाड काजव्यांनीं लुकलुकतांना वाचकांनीं पाहिलेंच असेल. त्याच कुळांतील एका अमेरिकन किड्याचा प्रकाश वनस्पतींच्या अभ्यासास कसा उपयोगीं पडला, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोपाच्या प्रत्येक पेशींत हजारों जनुकें असतात, पण तीं सारीं एकाच वेळीं काम करीत नाहींत. पाण्याची ओढ बसली, थंडी पडली किंवा जमिनींत खार वाढला, म्हणजे त्यांतील कांहीं जागीं होतात व कांहीं निजतात. कोणतें जनुक केव्हां जागें झालें हें समजण्यासाठीं पूर्वीं पान खुडून वाटावें लागे. वाटलेलें पान पुन्हां तपासतां येत नाहीं. पुढच्या तासाला दुसरें रोप घ्यावें लागे, आणि दोन रोपें तंतोतंत सारखीं कोठून मिळावयाचीं?

प्रत्येक जनुकाच्या तोंडाशीं त्यास चालूं किंवा बंद करणारा एक तुकडा असतो. पाटाचें दारें मोडलें म्हणजे वाफ्यांत पाणी शिरतें, तसा तो मोकळा झाला कीं पुढील जनुक कामास लागतें. अभ्यासकांनीं हवा तो तुकडा घेऊन त्याच्यापुढें काजव्याचें प्रकाश देणारें जनुक जोडलें व तें रोपांत घातलें. दारें उघडलें कीं त्या पेशींत ल्युसिफेरेज नांवाचें द्रव्य तयार होतें. रोपास ल्युसिफेरिन दिलें म्हणजे प्राणवायु व पेशींतील शक्तिद्रव्य यांच्या साह्यानें मंद प्रकाश निघतो. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन दिएगो येथील अभ्यासकांनीं तंबाखूचें रोप असें उजळून दाखविलें.

१९९७ सालीं ॲरिझोना विद्यापीठांत मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस या लहानशा तणावर झालेलें काम आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. थंडी, खार व पाण्याची ओढ यांनीं जागें होणाऱ्या एका जनुकाचें दारें तेथें काजव्याच्या जनुकास जोडलें. मग बियांस रसायन लावून त्यांच्या जनुकांत मुद्दाम फरक पाडले, व पुढील पिढीचीं रोपें अंधारांत नाजूक कॅमेऱ्यानें पाहिलीं. कांहीं रोपें ताण नसतांनाच उजळलीं. कांहीं ताण देऊनहि नीट उजळलीं नाहींत. कांहींचा फरक थंडीपुरताच होता, खाराच्या बाबतींत तीं इतरांसारखींच. थंडीचा निरोप व खाराचा निरोप रोपांत वेगळ्या वाटांनीं जातो, पण त्या वाटा मध्यें एकमेकींस मिळतातहि, असें यावरून दिसलें. शिवाय निवडलेलें रोप मरत नाहीं. तेंच वाढवून त्याचें बीं धरतां येतें, आणि आमच्या मतें या रीतीचा सर्वांत मोठा लाभ हाच.

मात्र प्रकाश दिसला म्हणजे दारें उघडलें, एवढेंच सिद्ध होतें. रोप ओढ सोसून कणसांत दाणा भरील कीं नाहीं, हें शेतांत पेरूनच ठरावयाचें. अशा चित्रांवरून बियाण्याची पारख कोणीं करूं नये.

जेलीफिश या सागरी प्राण्यापासून मिळालेलें हिरवें प्रथिन १९९४ पासून याच कामीं वापरूं लागले. त्यास ल्युसिफेरिन लागत नाहीं, व निळा प्रकाश टाकला कीं पेशींतील नेमकी जागाहि दिसते. परंतु तें पेशींत बराच काळ टिकतें, म्हणून दारें मिटलें केव्हां तें त्यावरून चटकन कळत नाहीं. काजव्याचें द्रव्य कांहीं तासांतच निकामी होतें, व तेवढ्यामुळें त्याचा प्रकाश कमीजास्त होणें जनुकाच्या कामाबरोबर चालतें. तेव्हां असें एखादें चित्र पाहण्यांत आल्यास पान कशानें उजळलें आहे, हें खालच्या मजकुरांत आधीं पाहून घ्यावें.