साक्ष आणि शोभा : विवाहछायाचित्रातील रूढ रचना व प्रचलित शैली

१

म्हैसूरहून तिरुमकूडलु नरसीपूरकडे जाणाऱ्या मार्गावर वरुणा नावाचे गाव आहे. गावाचे नाव जलदेवतेचे आणि गावाजवळ मोठे तळे. या गावी मध्ययुगीन वीरगळ आढळले आहेत. वीरगळाची घडण मराठी वाचकाला अपरिचित नाही. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांपासून दक्षिणेकडील वीरगळांपर्यंत तिची चौकट सामान्यतः एकच असते : खाली युद्ध, मध्ये वीराचे स्वर्गारोहण, माथ्यावर देवतेची पूजा. शिल्पकार कुशल असो वा नसो, तो ही चौकट सहसा मोडत नाही. त्यामुळेच ज्याला त्यावरील लेख वाचता येत नाही, त्यालाही शतकांनंतर तो दगड वाचता येतो.

वरुण ही देवता विवाहविधीतही येते. पुण्याहवाचनाच्या वेळी कलशातील जलात वरुणाचे आवाहन करतात. पुढच्या कार्याला जी पहिली साक्ष लागते ती पाण्याची, आणि नंतरची अग्नीची. आज अशाच तळ्यांच्या काठी भारतभर विवाहपूर्व छायाचित्रांची सत्रे होतात. त्यांत पाणी असते ते केवळ प्रतिबिंबासाठी. साक्षीचे पाणी आणि शोभेचे पाणी यांतील हे अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवाहाच्या छायाचित्रात जुनी ठरीव रचना श्रेष्ठ की आजची प्रचलित शैली, असा वाद नेहमी घातला जातो. तो रुचिभेदाचा वाद समजून सोडून देता येणार नाही. कारण त्याच्या मुळाशी, चित्रात कोण राहणार आणि कोण पुसले जाणार, हा प्रश्न आहे.

२

या प्रश्नाचा विचार करण्यास म्हैसूर हे स्थळ विशेष सोयीचे आहे. येथील जुना राजवाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या विवाहसमारंभाच्या वेळी लागलेल्या आगीत नष्ट झाला. त्यामुळे चौथे कृष्णराज वडियार यांचा विवाह १९०० मध्ये जगन्मोहन राजवाड्यात झाला. त्याच वास्तूतील चित्रसंग्रहात राजा रविवर्मा यांचे अकरा गायिका-वादिकांचे प्रसिद्ध समूहचित्र आहे. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रिया त्यात एकत्र दाखविल्या आहेत. काही पुढे बसलेल्या, काही मागे उभ्या. प्रत्येकीचा वेष वेगळा ओळखू यावा, कोणीही कोणाच्या आड जाऊ नये, अशी त्याची मांडणी आहे. छायाचित्रकाराच्या दुकानातील समूहचित्राशी या मांडणीचे साम्य चटकन लक्षात येते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्यातील कल्याणमंटपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रे आहेत. म्हैसूरच्या चित्रकारांनी ती छायाचित्रांच्या आधाराने रंगविली. कल्याणमंटप म्हणजे विवाहमंडप. तेव्हा विवाहाच्या जागेभोवती छायाचित्रांतून उतरलेली मिरवणूक कायमची उभी आहे, असे म्हणावयास हरकत नाही. या चित्रांत एकच केंद्र उजळून बाकीचे धूसर केलेले नाही. हत्ती, घोडे, मानकरी, वाजंत्री ही सर्व सारख्याच स्पष्टतेने रेखलेली आहेत. मान कोणाचा हे क्रमावरून कळते; ते कळण्यासाठी इतरांना अंधुक करावे लागत नाही.

ज्यूडिथ मारा गटमन यांनी १९८२ मधील आपल्या ग्रंथात, भारतीय छायाचित्रकारांची रचनादृष्टी पाश्चात्त्यांहून मुळातच निराळी होती, असे प्रतिपादन केले. ख्रिस्तोफर पिनी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. ते आक्षेप ग्राह्य आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ आरंभीच्या काळातच या कलेकडे वळले. त्यांच्या पिढीने यंत्राबरोबर खुर्ची, गालिचा, रंगविलेला पडदा आणि कोपऱ्यातील फुलदाणी हेही युरोपीय चित्रशाळेतूनच उचलले. आज आपण ज्याला ‘परंपरागत’ म्हणतो ते एकेकाळी नवे व परकेच होते. मात्र उसनी घेतलेली ही चौकट मराठी घरात आल्यावर एका निराळ्या कामाला लागली. ते काम कोणते, हे पाहणे अगत्याचे आहे.

३

कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली मराठी भाषक कुटुंबे असोत की पुण्या-कोल्हापूरची, त्यांच्या जुन्या लग्नसमूहचित्राची घडण फारशी भिन्न नसते. मध्ये वधूवर, त्यांच्या दोन्ही अंगांना खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, मागे उभे काका, मामा, आत्या, मावश्या, आणि पुढे सतरंजीवर मुले. कोण कोठे बसते यावरून नाते कळते. वधूपक्ष आणि वरपक्ष यांच्या बाजू ठरलेल्या. मामाला मागच्या रांगेच्या टोकाला ढकलले तर ती गोष्ट वर्षानुवर्षे बोलली जाते! म्हणजे ही रचना केवळ दृश्य नव्हे. ते नातेसंबंधांचे व्याकरण आहे.

शिवाय हे व्याकरण छायाचित्रकाराने निर्माण केलेले नाही. विधीनेच ते आधी सिद्ध केलेले असते. अंतरपाट धरला जातो तेव्हा दोन्ही बाजूंना वधूवर समोरासमोर उभे असतात. वधूच्या पाठीशी मामा, जवळ करा आणि दिवा घेतलेल्या करवल्या. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो. सूनमुखाच्या वेळी सासू आरशात सुनेचा मुखडा पाहते. येथे तर चौकटीत चौकट असे चित्र विधीनेच रचून ठेवले आहे. कॅमेरा मराठी मंडपात आला तेव्हा रचनेचा पाठ तेथे आधीच चालू होता.

काव्याशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात : चरणात एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. कित्येक घरांत एखादी आत्या वा मावशी त्या लग्नापुरती नवी मंगलाष्टके रचते आणि त्यांत वधूवरांची व आप्तांची नावे गुंफते. साचा जुना, नावे नवी. काव्यदृष्ट्या त्यांत भरीचे शब्द पुष्कळ असतात, यती मोडलेली असते. परंतु ज्यांचे नाव आले ते डोळे पुसतात. समूहचित्राचे कार्य तंतोतंत हेच आहे. ठरलेल्या वृत्तात ते नावे बसविते. दोहोंत वृत्ताचा उपयोग सौंदर्यासाठी होतो त्याहून अधिक, कोणी गळू नये यासाठी होतो.

या संयमाला द्रव्याचीही मर्यादा होती. १२० क्रमांकाच्या फिल्मवर चौरस चित्रे घेतली तर बाराच निघत. पस्तीस मिलिमीटरच्या गुंडाळीवर छत्तीस. निलगिरीतील उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यामुळे देशी कृष्णधवल फिल्म मिळू लागली, तरी प्रत्येक चित्राला मोल होते. बारा चित्रांत लग्न बसवावयाचे म्हणजे काय घ्यावयाचे याचा निर्णय आधीच करावा लागे. ‘सावधान’ हा भटजींचा शब्द वधूवरांइतकाच छायाचित्रकारालाही लागू होता.

४

आता प्रचलित शैलीकडे वळू. ‘प्रचलित’ ही गोष्ट प्रत्येक दशकात वेगळी होती, हे प्रथम ध्यानात घ्यावे. एके काळी बदामाच्या आकारात कापलेली जोडप्याची चित्रे, तळहातावर उभा केलेला नवरदेव, दुहेरी छापणीने आकाशात तरंगणारी वधू, यांची चलती होती. पुढे व्हिडिओ आला आणि त्याच्या प्रखर दिव्यासमोर विधी थांबवून पुन्हा करून घेण्याची चाल पडली. संगणकावर जोडलेली, पानभर पसरणारी गुळगुळीत अल्बमे त्यानंतरची. आज सहजचित्रणाची, ड्रोनने वरून मंडप टिपण्याची, आणि भिंगाचे छिद्र मोठे उघडून पार्श्वभूमी विरघळवून टाकण्याची पद्धत रूढ आहे.

ही शैली सरसकट निंद्य ठरविणे न्याय्य होणार नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे मांडली. त्या परिभाषेत बोलावयाचे तर जुने समूहचित्र जवळजवळ केवळ समतोलावर उभे आहे, आणि म्हणूनच ते पुष्कळदा निर्जीव होते. तीसजणांच्या चेहऱ्यांवर एकच ताठ मुद्रा! नव्या शैलीने विरोधाचे तत्त्व आणले : स्पष्टाशेजारी धूसर, उजेडाशेजारी सावली, गर्दीत एकटा चेहरा. कन्यादानाच्या क्षणी बापाचा थरथरणारा हात हा जुन्या चित्रात क्वचितच सापडतो. आजच्या चित्रात तो सापडतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. जुन्या चौकटीने सर्वांना सामावून घेतले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मंगलकार्यातून विधवेला दूर ठेवण्याची रूढी ज्या घरांत होती, तेथे ती चित्रातूनही दूर राहिली, किंवा कडेला, अर्धी कापलेली उरली. पंगतीसाठी राबणाऱ्या स्त्रिया कोणत्याही रांगेत नाहीत. व्याकरण नेमके असले म्हणजे ते निष्पक्षपाती असते असे नाही. सहजचित्रणाने यांपैकी काहींना प्रथमच चित्रात आणले : ओसरीवर बसून दुरून अक्षता टाकणारी आजी, चुलीपाशी घाम पुसणारी मावशी. हे ऋण मान्य केले पाहिजे.

५

मग दोष कोठे आहे? दोष धूसरतेत नाही; काय धूसर करावयाचे याचा विचार न करण्यात आहे. अंतरपाट दूर होताना वधूच्या डोळ्यांवर भिंग रोखून मागचा मामा विरघळविला, तर चित्र सुंदर होते, पण त्या क्षणाचा अर्थ अर्धा राहतो. ती डोळे वर करून पाहते ती कोणाच्या आधाराने, हे चित्र सांगत नाही.

विधिभेद लक्षात घेतले म्हणजे हे अधिकच जाणवते. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून पुरोहितावाचून विवाह लावण्यास आरंभ केला. तेथे भटजींची जागाच रिकामी असते, आणि तो रिकामेपणा अर्थपूर्ण असतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर रूढ झालेल्या बौद्ध विवाहात तथागतांची आणि बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा समोर असते. त्या प्रतिमांच्या साक्षीनेच वधूवर परस्परांचा स्वीकार करतात. त्यांना ‘पार्श्वभूमी’ समजून धूसर करणारा छायाचित्रकार साक्षीदारालाच मंडपाबाहेर काढतो. कोणत्या विवाहात काय मागे आहे आणि काय केंद्रस्थानी, हे भिंग ठरवू शकत नाही. त्यासाठी विधी कळावा लागतो.

साक्ष हा येथे केवळ भावनेचा शब्द नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातव्या पावलाबरोबर विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. विवाहनोंदणीच्या वेळीही अनेक ठिकाणी लग्नपत्रिकेबरोबर समारंभाचे छायाचित्र मागितले जाते. त्या सात पावलांऐवजी तळ्याकाठच्या सूर्यास्ताची चाळीस चित्रे असली तर ती शोभेची ठरतील. पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही. नवरा नाकारणाऱ्या वा टाकून देणाऱ्या प्रसंगी स्त्रीच्या हाती उरलेला अल्बम कोणत्या प्रकारचा होता, याला मग विलक्षण महत्त्व येते.

६

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्य हे काव्याचे जीवित मानले. अलंकार आपल्या जागी असला तरच अलंकार; अन्यथा तो अंगावरचा भार. ही कसोटी विवाहछायाचित्राला लावता येते आणि तीमुळे ‘जुने की नवे’ हा वाद मिटतो. खुर्च्यांची रांग आणि विरघळलेली पार्श्वभूमी हे दोन्ही अलंकारच आहेत. रांग जेव्हा सवयीने लावली जाते तेव्हा ती भरीचा शब्द होते. धूसरता जेव्हा सवयीने साधली जाते तेव्हा तीही भरीचा शब्दच होते. विवाहाचा स्थायी अर्थ असा की दोन व्यक्ती इतरांच्या समक्ष बांधल्या जातात. यातील ‘समक्ष’ हा शब्द ज्या रचनेत टिकतो ती उचित रचना.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की विधीचे ठरलेले क्षण सर्वांसह आणि स्पष्ट घ्यावेत. समूहचित्र टाळू नये, पण त्याच्या कडेला कोण उभे आहे, कोण मुळीच आलेले नाही, हे पाहून त्यांना बोलावून घ्यावे. आणि उरलेल्या अवकाशात शैलीने हवे तितके मोकळे व्हावे. अभ्यासकांनीही या अल्बमांकडे घरगुती वस्तू म्हणून दुर्लक्ष करू नये. वेष, नाते, जात, स्त्रीचे स्थान यांविषयी जे आपल्या लिखित साहित्याने सांगितले नाही, ते त्यांच्या रांगांत आणि कडांवर नोंदलेले आहे. मात्र अनेक जुन्या चित्रांच्या मागे नावे लिहिलेली नाहीत, आणि ती सांगू शकणारी माणसे थकत चालली आहेत. वरुणाच्या वीरगळावरील वीर कोण हे शोधण्यास निदान शिलालेखाचा आधार मिळू शकतो. आपल्या आजीच्या लग्नातील मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण उभे आहे, हे आज विचारले नाही तर उद्या कोणत्याही दगडावर सापडणार नाही.