दळण

धाराशिव
२५ जून २०२४

चि. भाचेबुवा,

मृगानं यंदा साथ दिली. तुमच्या वरच्या रानात सोयाबीन उगवून आलंय. खालच्या पट्टीत पाणी साचलं होतं, तेही ओसरलं. तुझ्या आईचा गुडघा सोडला तर बाकी सगळं ठीक आहे.

हे वहीच्या कागदावर लिहून त्याचे फोटो तुला पाठवतोय. ग्रुपवर टाकलं असतं तर गावानं वाचलं असतं, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

४ जूनला निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या ग्रुपवर तुझा मजकूर आला. क्वालालंपूरला बसून तू आपल्या गावाची बूथनिहाय आकडेवारी मिळवलीस, मळ्याकडच्या वस्तीचा आकडा लाल रंगात रंगवलास आणि खाली लिहिलंस की या लोकांनी आपल्याविरुद्ध मतदान केलं, आता यांच्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घेऊ नका. चाळीस-पन्नास अंगठे आले. त्या ग्रुपात मला तूच घातलंयस, त्यामुळे मीही वाचलं. त्या दिवशी गप्प बसलो, ही माझी चूक.

लेका, मी एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातल्या कितीतरी निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केली. साहित्य घेऊन एस.टी.नं परगावच्या शाळेत जायचं, बाकं जोडून झोपायचं, पहाटे उठून प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं. म्हणून बूथचा आकडा म्हणजे काय, हे मला तुझ्यापेक्षा थोडं जास्त कळतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र कालवण्याची तरतूद नियमात होती. हेतू एकच: कुठल्या गावानं, कुठल्या गल्लीनं कुणाला दिलं हे कुणाला कळू नये. २००४ पासून लोकसभेला देशभर यंत्रं आली आणि ते कालवणं संपलं. आता एकेका केंद्राचं यंत्र टेबलावर उघडतं, प्रतिनिधी आकडे वहीत उतरवून घेतो आणि संध्याकाळच्या आत ते गावात पोचतात. चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं उपकरण निवडणूक आयोगानं २००८ सालीच सुचवलं होतं. २०१५ मध्ये विधी आयोगानंही ते वापरा म्हणून शिफारस केली. सरकारनं ऐकलं नाही. का ऐकलं नसेल, ते तुझा तो लाल रंग पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं.

आता तुझ्या आकड्याकडं येऊ. तुम्ही रस्त्याकडेला नवं घर बांधलं, तेव्हापासून तुमच्या घराचा यादीभाग बदलला. तुझ्या आईचं नाव आता गावठाणाच्या यादीत नाही, मळ्याच्या वस्तीच्या यादीत आहे. ७ मेला भर उन्हात ती ज्या खोलीत मत देऊन आली, त्याच खोलीचा आकडा तू लाल केलास. तिनं कुणाला मत दिलं? मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस. नवरा-बायकोसुद्धा त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं एकत्र जात नाहीत, ते काही उगीच नाही.

आणि गड्या, 'आपल्याविरुद्ध' म्हणजे कुणाविरुद्ध? शेजारच्या बीडमध्ये सगळा निकाल ६,५५३ मतांवर आला आणि तिथं मराठा विरुद्ध ओबीसी असं उघड बोललं गेलं, हे खरं. आपल्याकडं ओमराजे निंबाळकर ३,२९,८४६ मतांनी निवडून आले. समोर अर्चना पाटील होत्या. दोन्ही उमेदवार मराठा, आणि त्यांचं वैर भावकीतलं, तेही अख्ख्या जिल्ह्याला तोंडपाठ. यात तुला जात कुठं सापडली? सव्वातीन लाखांचं मताधिक्य एका जातीच्या जोरावर येत नसतं. लोकांच्या डोक्यात त्या दिवशी दुसरंही बरंच होतं. गेल्या साली पाऊस गेला. राज्यानं दुष्काळ जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत आपले धाराशिव, वाशी आणि लोहारा होते. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० होता आणि बाजारात त्याच्या खाली. पक्ष फुटले, चिन्हं बदलली, त्याचा राग वेगळा. माळ्याच्या पोरानं यातल्या कुठल्या कारणानं कुठलं बटण दाबलं, हे तुला तिकडं पेट्रोनासच्या मनोऱ्यांवरून दिसलं होय?

आरक्षणाबद्दल माझं मत तुला माहीत आहे. गेल्या वर्षी १ सप्टेंबरला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला तेव्हा मीही रात्रभर जागा होतो. निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी शोधायला मी स्वतः मोडी वाचणाऱ्याला घेऊन तहसिलात गेलोय. फेब्रुवारीत दहा टक्क्यांचा कायदा झाला, तो न्यायालयात टिकतो की नाही ही धास्ती मलाही आहे. आपल्यातल्या दोन-तीन एकरवाल्या घरांची काय दशा आहे, ते मी वर्गातल्या पोरांच्या चपलांवरून ओळखायचो. मागणी खरीच आहे. पण आत्ताच वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूनं उपोषणाला बसले होते, आणि आमच्या ताटातलं जाईल ही त्या बाजूची भीती, तीही खोटी नाही. मेंढरामागं फिरणाऱ्याच्या पोराला एक जागा मिळायला किती वर्षं लागली, हेही मी वर्गातच पाहिलंय. या दोन्हींचा जाब सरकारला विचारायचा. तो तू पिठाच्या गिरणीवाल्याला विचारायला निघालास.

गिरणीचं पुढं सांगतो. आधी तुझंच एक पत्र तुला आठवून देतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तू तिथं नवा नवा होतास. १९ तारखेला त्यांची निवडणूक झाली, कुणालाच बहुमत नाही, अन्वर इब्राहिम पंतप्रधान व्हायला पाच दिवस गेले. त्या दिवसांत तू मला लांबलचक मेल लिहिला होतास. छापून ठेवलाय मी. त्यात लिहिलंयस की इथली पोरं टिकटॉकवर १३ मेची आठवण करून देणारे व्हिडिओ टाकताहेत आणि पोलिसांनी तंबी दिलीय. १३ मे काय, तेही तूच समजावलंस: १९६९ साली निवडणुकीनंतर तिसऱ्या दिवशी क्वालालंपूरमध्ये मलय-चिनी दंगल उसळली, सरकारी आकड्याप्रमाणं १९६ माणसं मेली, संसद १९७१ पर्यंत बंद राहिली आणि त्यानंतर भूमिपुत्रांना सवलती देणारं नवं आर्थिक धोरण आलं. तिथं मतदारांच्या रांगा वयाप्रमाणं लावतात, म्हणून म्हाताऱ्यांनी कुणाला दिलं आणि पोरांनी कुणाला, हेही आकड्यांवरून काढता येतं, ही गंमतही तूच कळवलीस. मग २०१३ चा किस्सा. सत्ताधारी आघाडीला मतं कमी पडली तरी २२२ पैकी १३३ जागा मिळाल्या. त्याच रात्री पंतप्रधान नजीब रझाक यांनी खापर 'चिनी त्सुनामी'वर फोडलं, आणि दोन दिवसांत तिथल्या एका मोठ्या मलय वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर विचारलं, चिन्यांना आणखी काय हवंय? खरं तर शहरातले मलयही मोठ्या संख्येनं विरोधात गेले होते. पण एकदा गठ्ठा म्हटलं की त्यातला माणूस कोण मोजतो? शेवटी तू लिहिलंस: "मामा, पासष्ट वर्षं झाली स्वातंत्र्याला, अजून हे लोक एकमेकांना माणूस म्हणून मोजत नाहीत. आपल्याकडं निदान गावात तरी असं नाही."

ते शेवटचं वाक्य वाचून मला तेव्हा बरं वाटलं होतं आणि थोडं हसूही आलं होतं. आपल्याकडं असं नाही? तुझ्या पणजीकडून मी रझाकारांच्या गोष्टी ऐकल्यात. धान्याची पेवं बुजवून, बायकापोरांना घेऊन ती माणसं बार्शीकडं सरहद्दीपलीकडं पळत. त्या गोष्टी ती सगळ्यांदेखत, हातवारे करून सांगायची. पोलीस ॲक्शननंतर काय झालं, ते मात्र तिनं मला एकदाच सांगितलं, चुलीपुढं, खालच्या आवाजात, आणि तेही अर्धंच. पुढं कळलं की पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं त्या वेळी हा सगळा मुलूख फिरून अहवाल दिला होता, आणि सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी आपलं उस्मानाबाद धरलं होतं. त्या चार जिल्ह्यांत मिळून निदान अठरा हजार माणसं गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. बरीचशी मुसलमान, आणि बरीचशी अशी की ज्यांनी कधी रझाकाराची काठीही हातात धरली नव्हती. पणजी एवढंच म्हणाली होती, "घरं आधीच कुणीतरी मोजून ठेवली होती."

१९७८ तर मी डोळ्यांनी पाहिलं. जुलैच्या शेवटी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटल्या. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. जळक्या ज्वारीचा वास दोन-तीन दिवस जात नाही, हे मला तेव्हा कळलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या सोळा वर्षांत माझ्या वर्गातल्या किती पोरांची शाळा सुटली, ते कुणी मोजलं नाही.

नावावरून आठवलं. जिल्ह्याचं नाव बदललं त्याला उच्च न्यायालयानं आपल्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मेला, मान्यता दिली. मला धाराशिव म्हणायला आवडतं, जुनं आहे ते. पण लोकसभा मतदारसंघ कागदोपत्री अजून उस्मानाबादच आहे, आणि बाजारात शेळीही उस्मानाबादीच म्हणून विकली जाते. तिला कुणी विचारलेलं नाही.

मी काही साधू नाही. तुझ्या थोरल्या मामाचं पॅनेल एकदा ग्रामपंचायतीला अकरा मतांनी पडलं होतं. सरकारी नोकरीमुळं मी उघड फिरलो नव्हतो, पण निकालाच्या रात्री यादी पुढं घेऊन पेन्सिलीनं खुणा करत मीच बसलो होतो. कोण फुटलं ते हुडकून काढलं. एका मित्राशी तीन वर्षं बोललो नाही. त्याच्या आईच्या मातीलाही लांब उभा राहिलो. फुटलेले आमच्याच भावकीतले दोघे होते, हे पुढं त्यांच्याच तोंडून दारूत बाहेर पडलं. मित्रानं ना खुलासा केला, ना तक्रार. आता भेटतो, चहाही पितो. पूर्वी सायकल लावून सरळ स्वयंपाकघरात यायचा, आता दारात उभा राहून हाक मारतो.

आता गिरणी. परवा रविवारी तुमच्याकडं गेलो होतो. जेवायला बसलो तर पानात भात. तुझी आई आणि भाकरी करत नाही? ज्वारी संपली म्हणाली. कणगीत हात घातला तर कोपरभर ज्वारी. मग बोलली. तुझा मजकूर आल्यापासून ती दळणाला गेली नाही. गावात चालू गिरणी एकच, आणि ती मळ्याकडच्या वस्तीत. "कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणाली. वर मला बजावलं, त्याला सांगू नको, परदेशात एकटा असतो, जिवाला लावून घेईल. अठरा दिवस ती बाई तांदळावर आणि शेजारणीनं दिलेल्या वाटीभर पिठावर राहिली. आणि तू तिकडं अंगठे मोजत होतास.

तू काय करायचं ते सांगतो. तो मजकूर आता काढता येणार नाही, मुदत गेलीय. आणि काढून उपयोगही नाही, वाचायचा त्यांनी वाचलाय. त्याच ग्रुपवर, त्याच लोकांपुढं, दोन ओळी लिही: मी लिहिलं ते चुकीचं होतं. 'कुणाचं मन दुखावलं असेल तर' वगैरे पुढाऱ्यांची भाषा नको. असेल काय, दुखावलंच आहे. त्याआधी गिरणीवाल्या काकांना फोन कर. मजकूर पाठवू नकोस, फोन कर. ते कदाचित उचलणार नाहीत, दुसऱ्या दिवशी परत कर. आंदोलनाला पैसे पाठवायचेत तर पाठव, मी अडवणार नाही. नोंदींच्या कामाला माणसं हवीत, सुट्टीवर आलास की चल माझ्याबरोबर. यंदा आषाढी आणि मोहरम दोन्ही १७ जुलैला येताहेत असं दिसतं. गावात एका बाजूनं दिंडी आणि दुसऱ्या बाजूनं सवारी निघेल. सवारीपुढं डफडं वाजवणारे मळ्याचेच, आणि खांदा देणाऱ्यांत तुझे आजोबा असायचे. जमलं तर त्या वेळी ये. नाही जमलं तर नाही.

रविवारी जेवण उरकल्यावर मीच डबा उचलला आणि गिरणीवर गेलो. काकांनी 'या गुरुजी' म्हणून स्टूल पुढं केलं. पट्टा चढवला, जात्याची फट नेहमीसारखी बारीक केली. तुझ्या आईला कसं पीठ लागतं ते त्यांना पाठ आहे. पावसाचं बोललो, त्यांच्या नातवाच्या दहावीच्या निकालाचं बोललो. निवडणुकीचं ना त्यांनी काढलं, ना मी. डबा भरला, झाकण लावून दिलं. तुमच्या घराचं दळण आजवर वहीत लिहिलं जायचं आणि सुगी झाली की हिशेब व्हायचा. तुझे आजोबा होते तेव्हापासून तसंच. मी डबा खांद्यावर घेऊन निघालो तेव्हा त्यांनी हळूच मागून हाक मारली.

"गुरुजी, तीस रुपये झाले."

वही तिथंच खिळ्याला टांगलेली होती. मी पैसे दिले. तुझ्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
मामा